चावीवाल्याचे मासे

आमच्या ह्यांना रिकामं भांडं बघवत नाही. लग्न झालं तेव्हापासून हे असंच आहे. नळाला पाणी आलं की घरात जे जे पाणी धरू शकेल ते भरलंच पाहिजे. पिंप, हंडे, कळश्या, बादल्या तर झाल्याच, पण एकदा मी कुकर घासून पालथा घातला होता, तोही ह्यांनी सुलटा करून काठोकाठ भरला. मी विचारलं, "आता वरण कशात लावू?" तर म्हणाले, "आजच्या दिवस पिठलं कर की."

सोलापूरच्या माणसाला ह्यात काही वावगं वाटणार नाही. आमच्याकडे चार दिवसांनी पाणी येतं, कधी पाच. त्या दिवसाला सोमवार-मंगळवार म्हणत नाहीत, पाण्याचा दिवस म्हणतात. त्या दिवशी कुणी गावाला जात नाही, कुणी पाहुण्याला जेवायला बोलावत नाही. आणि नवं पाणी भरण्याआधी जुनं ओतून द्यायचं, भांडी काथ्यानं घासायची, हा नेम. सकाळी आपण तेच जुनं पाणी प्यायलेलो असतो, त्याचाच चहा झालेला असतो. पण नळ खळखळला रे खळखळला की त्या क्षणी ते शिळं होतं. मग ते कुंडीत घाला नाहीतर अंगणात ओता, घरात ठेवायचं नाही.

ह्यांचं नाव कमलाकर. पण त्या नावानं त्यांना फक्त पगारपत्रकानं ओळखलं, बाकी सगळ्या वस्तीला ते चावीवाले. महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात तीसेक वर्षं ह्यांनी चावी फिरवली. ही चावी म्हणजे खिशात मावणारी नव्हे. छातीपर्यंत येणारी लोखंडी सळई, तिला वर आडवा दांडा. रस्त्यातल्या खड्ड्यावरचं झाकण उचलायचं, सळई आत सोडायची आणि सगळं अंग लावून फिरवायची. इकडे हे फिरवायचे आणि तिकडे कुठल्यातरी घरात नळ खोकायचा, मग आतून बाई ओरडायची, "आलं, आलं!" त्यानंतर जवळच्या कुठल्याही नळाखाली ओंजळ धरून पहिलं पाणी हे स्वतः प्यायचे आणि म्हणायचे, "मी प्यायलो, आता तुमी प्या." हे कुणी शिकवलं नव्हतं, कुठल्या नियमात नव्हतं. पण ओंजळ प्यायल्याशिवाय ह्यांचं काम पुरं होत नसे.

मी शाळेत शिक्षिका होते. सगळं गाव मला बाई म्हणतं, तसं हेही म्हणतात. चांगलं वाटतं, कारण रागावतानासुद्धा त्यांना बाईच म्हणावं लागतं.

निवृत्तीच्या दिवशी खात्यातल्या लोकांनी ह्यांना शाल दिली, नारळ दिला आणि एक काचेची मोठी पेटी दिली. मासे पाळायची. "पाण्यातला माणूस, पाण्याशिवाय करमणार न्हाय," असं म्हणून सगळे हसले. मासे मात्र कुणी दिले नाहीत. ती पेटी घरी आली, खोलीच्या कोपऱ्यात बसली आणि मी तिच्यात कांदे ठेवायला लागले. हवा लागते, दिसतातही, मला तर फार सोयीची वाटली.

एका पाण्याच्या दिवशी मी मागच्या बाजूला कपडे वाळत घालून आत आले तर कांदे फरशीवर आणि पेटी काठोकाठ भरलेली.

"हे काय?"

"रिकामी होती."

"रिकामी? कांदे होते ना त्यात!"

"कांद्याला काय, कुटं बी ठेव," हे म्हणाले आणि कमरेवर हात ठेवून त्या भरल्या पेटीकडे बघत राहिले. दुपारचं ऊन खिडकीतून त्या पाण्यात पडलं होतं आणि भिंतीवर उजेड हलत होता. मलाही ते बरं दिसलं, खोटं कशाला बोलू. मग हे म्हणाले, "आता भरलीच हाय तर मासे आणू."

तर आमच्या घरी मासे आले ते असे. आवड नव्हती, शुभशकुन नव्हता, कुणा नातवंडाचा हट्ट नव्हता. भांडं भरलेलं होतं म्हणून.

नव्या पेठेच्या अलीकडे एका बोळात बसूचं माशांचं दुकान आहे. बसू मैंदर्गीचा, मराठी बोलता बोलता मध्येच स्वतःशी कानडीत पुटपुटतो. त्यानं हवेचा पंप दिला, रंगीत खडे दिले, एक प्लास्टिकचा किल्ला दिला. तो किल्ला कशाला, हे मला आजही कळलेलं नाही. मग गोल्डफिश दाखवले. ह्यांनी केशरी निवडले, एक पांढरा निवडला आणि एक काळा निवडला, बटणासारखे डोळे बाहेर आलेला. तो काळा मला पहिल्यापासून आवडला नाही. सारखं आपल्याकडेच बघतोय असं वाटायचं.

पैसे देताना बसूनं एक छोटी बाटली पुढे केली. "काका, हे थेंब घ्या. नळाचं पाणी असतंय ना, त्यातलं औषध मरतंय ह्यानं. मग मासे सोडायचे."

ह्यांचा हात खिशातच थांबला. "काय मरतंय?"

"औषध. क्लोरीन."

"ते मारायचं?" ह्यांचा आवाज असा चढला की शेजारचं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. "अरे, तेवढ्यासाठी माणसं रात्रंदिस टाकीवर बसत्यात. औषध हाय म्हणून तुजी-माजी पोटं नीट हायत. आणि तू ते काढायला सांगतोस? ठेव तुजी बाटली."

बसूनं खांदे उडवले आणि बाटली परत फळीवर ठेवली. घरी येताना रिक्षात ह्यांनी मासे असलेली पिशवी मांडीवर धरली होती आणि वाटभर माशांना सांगत होते, बिचाऱ्याला काय कळतं पाण्यातलं. मी आपली दुसरीकडे बघत बसले.

पहिले दिवस बरे गेले. पुढच्या पाण्याच्या दिवशी सकाळी हे उठले, पिंप ओतलं, हंडे घासले आणि मग पेटीकडे वळले. मासे एका पातेल्यात काढले. पेटी अंगणात नेऊन काथ्यानं घासली, खडे तांदळासारखे धुतले, तो किल्लासुद्धा ब्रशनं घासला. मग नळाची नळी आणून थेट ताजं, फेसाळतं पाणी पेटीत सोडलं आणि मासे आत टाकले. "आता बघ कसे टवटवीत होतील."

दुसऱ्या दिवशी पांढरा मासा आडवा तरंगत होता.

ह्यांनी त्याला कागदी लिंबाच्या झाडाखाली पुरलं आणि विचार करत बसले. शेवटी निकाल दिला की पाण्यात काहीतरी घाण गेली असणार. मग दर दोन दिवसांनी पेटी धुणं सुरू झालं. पिंपातलं पाणी माशांना, आम्हाला मोजून. एक केशरी गेला. मग ह्यांना वाटलं, रोगराई आली. पावसाळ्यात घरोघरी पाणी शुद्ध करायचे थेंब वाटतात, तसली एक बाटली आमच्या फळीवर होती. त्यातले थेंब ह्यांनी पेटीत टाकले. मी बघत होते, मी काही बोलले नाही, कारण मलाही ते बरोबरच वाटलं. मी मुलांना शिकवलेलंच आहे की पाण्यात जंतू असतात आणि थेंब टाकले की मरतात. माझ्या पुस्तकातल्या शुद्ध पाण्यात मासे कुठे होते?

संध्याकाळी दोन केशरी एकदम गेले.

इथून पुढे आमच्या घरात जो गोंधळ माजला तो सांगायलाही मला जड जातं. हे पेटीसमोर स्टूल टाकून बसायचे आणि माझ्याकडे बघून म्हणायचे, "बाई, ह्याच्यापेक्षा स्वच्छ काय असतं?" मला काय ठाऊक? मी म्हणायचे, "उपाशी असतील." मग जास्त खाणं टाकायचे. मी म्हणायचे, "थंडी वाजत असेल." मग पेटी उन्हात. एकदा तर ह्यांनी विचारलं, "नजर लागली असेल का?" आयुष्यात ह्या माणसानं लिंबू-मिरची दारात बांधू दिली नाही मला! मी कपाळाला हात लावला.

शेवटी एक केशरी आणि तो काळा उरला. हे पुन्हा बसूकडे गेले, मला बरोबर घेऊन. म्हणजे मी साक्षीदार. सगळं ऐकून बसू कानडीत काहीतरी बोलला, त्यात 'अय्यो' तेवढं मला कळलं.

"काका, पहिल्या दिवशीच सांगितलं की हो तुम्हाला. पाण्यातलं औषध माशाच्या कल्ल्यांना जाळतंय. त्यात तुम्ही वरनं आणि थेंब टाकले! सारखं धुऊ पण नका. मुरू द्या जरा पाणी."

ह्यांनी विचारलं, "माशाला जाळतं. आणि माणसाला?"

"माणसाला कल्ले कुठं हायत?" बसू हसला. मीही हसले. हे हसले नाहीत.

ह्यांनी बसूची बाटली घेतली, पण घरी आल्यावर ती खिशातून काढलीच नाही. मी मागितली तर म्हणाले, "काय खरं आणि काय खोटं, तेच कळंना झालंय. राहू दे." रात्री जेवताना पाण्याचा तांब्या समोर होता. हे त्यात बघत राहिले आणि कोरडाच घास गिळून उठले. मला वाटलं, मासे मेल्याचं वाईट वाटतंय. माणूस तसा मऊ आहे आतून.

त्या रात्री केशरी गेला. आणि दुसऱ्या दिवशी दारात टेंपो थांबला आणि एक माणूस पाण्याचा मोठा जार खांद्यावर घेऊन आमच्या घरात शिरला.

मला वाटलं, घर चुकला. मी म्हटलं, "अहो, हे चावीवाल्यांचं घर आहे." तर मागून ह्यांचा आवाज आला, "मीच सांगितलंय. ठेव तितं."

तुम्हाला ह्यात काही विशेष वाटणार नाही. आता घरोघरी जार असतात. पण ह्या माणसानं तीस वर्षं नळाखाली ओंजळ धरली होती. लग्नाकार्यात कुणी बाटलीतलं पाणी पुढे केलं तर हे अपमान झाल्यासारखं तोंड करायचे. त्यांनी जार आणला म्हणजे काय झालं, ते मला एकटीलाच कळत होतं आणि मी घाबरले. नवऱ्याला ताप आला तर काय करायचं ते बाईला कळतं. ह्याचं काय करायचं?

मग हे सकाळी बाहेर पडायला लागले. कुठे जाता, तर सांगायचे नाहीत. नंतर कळलं की जुन्या गल्ल्यांमधून फिरायचे, जिथे चावी फिरवत होते तिथून, आणि लोकांना विचारायचे, "पाण्यानं कधी काय झालं का हो तुमच्या घरात? पोटाचं, पोराबाळांचं?" लोकांना वाटायचं, चावीवाले सर्वेक्षणाला आले. ते म्हणायचे, प्रेशर कमी आहे, वेळ पाळत नाहीत, जरा वरपर्यंत सांगा. ह्यांना काय विचारायचं होतं ते कुणालाच कळलं नाही. आणि नीट विचारणं ह्यांना जमत नव्हतं.

एका दुपारी मी वैतागले. ह्यांनी ग्लासात जारचं पाणी ओतून माझ्या हातात दिलं तेव्हा माझा ताबा सुटला. "मला नको हे! मी इतकी वर्षं नळाचं पाणी प्यायले, काय झालंय मला? सुबोधला तेच पाजलं. त्याच्या वरच्या दुधात तेच घातलं!"

सुबोध आमचा मुलगा, पुण्यात असतो.

हे माझ्याकडे बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "तेच तर म्हणतोय मी. त्याला लहानपणी कावीळ झालेली आठवते तुला?"

माझ्या हातातला ग्लास मी खाली ठेवला. हे सगळं माशांचं नव्हतंच. हा माणूस इतके दिवस मनात तीस वर्षं मागे चालत गेला होता, एकेक गल्ली, एकेक घर, आणि शेवटी स्वतःच्या घरात येऊन पाळण्याशी थांबला होता. मी म्हटलं, "अहो, ती कावीळ कुठल्याशा जत्रेतल्या बर्फाच्या गोळ्यानं झाली. डॉक्टर नव्हते का म्हणाले? तुम्हीच खाऊ घातला होता, मी नको म्हणत असताना."

"डॉक्टर म्हणाले असतील," हे म्हणाले. "पण त्यांनी तरी कुटं बघितलं?"

मला रडू आलं, आणि रडू आलं की मी भांडी घासते. भांडी घासून झाली तरी जीव थाऱ्यावर येईना, म्हणून पदर खोचला आणि भाकरी आणायला म्हणून शेजारी गेले.

शेजारी म्हणजे मीनाबाई. कडक भाकऱ्या करून विकतात. पातळ, पापडासारख्या, महिनाभर टिकणाऱ्या. आमच्या दोन घरांत एक भिंत आहे आणि भिंतीपलीकडे मीनाबाईंचा सिमेंटचा हौद आहे. त्या हौदावरून ह्यांचं आणि मीनाबाईंचं मी लग्न होऊन आले तेव्हापासून वाजतंय. कारण मीनाबाई जुनं पाणी ओतत नाहीत. उपसलं तेवढं वरून भरतात, बस्स. हौदाच्या भिंती हिरव्यागार, पाणीही हिरवट. दर पाण्याच्या दिवशी हे भिंतीवरून ओरडायचे, "मीनाबाई, नवं आलंय, ते शिळं काढून टाका की! डास होत्याल!" आणि पलीकडून उत्तर यायचं, "ओतायला माज्या बापाची विहीर न्हाय!" एकदा हिवतापाची माणसं तपासणीला आली तेव्हा मीनाबाई हौद ओतेनात, म्हणून त्यांनी त्यात डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे सोडले आणि निघून गेली. ती गोष्ट आम्ही विसरूनही गेलो होतो.

मी भाकऱ्या घेतल्या आणि सहज हौदात डोकावले. पाणी हललं. मला वाटलं, वारा. मग नीट बघितलं आणि तशीच भाकऱ्यांची चळत छातीशी धरून घरी पळाले.

"मीनाबाईंच्या हौदात मासे आहेत!"

"कुटं?" हे स्टुलावर बसले होते, त्या एकट्या काळ्या माशासमोर.

"हौदात. मोजता येणार नाहीत इतके."

"त्या हौदात? त्यात म्हैससुद्धा उतरायची न्हाय."

पण उठले. आधी भिंतीला स्टूल लावून वरून बघितलं. मग स्टुलावरून उतरले आणि चप्पल घालून, फाटक उघडून, इतक्या वर्षांत पहिल्यांदा मीनाबाईंच्या अंगणात गेले. मी मागोमाग. मीनाबाई परातीत पीठ मळत होत्या, त्यांचे हात तसेच थांबले.

हे हौदावर वाकले. बोटाच्या पेराएवढे मासे, शेकड्यानं. काहींच्या शेपटीला निळा-पिवळा रंग, काही नुसते राखाडी, आणि त्यांच्यातून टाचणीच्या टोकाएवढी पिल्लं. ह्यांनी बोट पाण्याला लावलं तर सगळे बोटाकडेच धावत आले.

"मीनाबाई, ह्यांना खायला काय घालता?"

"मी कशाला घालू? मीच भाकऱ्या थापून कावलेली असते. हात धुताना पीठ पडतंय तेवढंच."

"पंप?"

"कसला पंप?"

"पाणी कदी बदलता?"

"बदलते कुटं?" मीनाबाई आता कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "तुमीच नव्हं का एवढी वर्सं बोंबलत व्हता, मीनाबाई हौद घासा म्हणून? आज काय तपासनीस म्हणून आला का?"

हे हौदाच्या काठावर बसले. त्यांचा चेहरा असा झाला होता की मीनाबाईंनी पुढचं बोलणं गिळलं. "मला कळंना झालंय बगा," हे म्हणाले. "दोन-दोन दिसाला घासून ताजं पाणी घातलं. खाणं, पंप, औषध, काय कमी केलं न्हाय. माज्या पाण्यात सगळे मेले. आणि हितं कुनी बघत बी न्हाय तर हे असे. माज्या पाण्यात काय वाईट हाय?"

"तुमच्या पाण्यात म्हंजे?"

"म्हंजे नळाच्या."

"मग ह्ये कुनाचं हाय?" मीनाबाईंनी पिठाचा हात हौदाकडे केला. "हितं काय माज्या म्हायेरची नदी आली का? तुमीच सोडल्यालं की भाऊ. तुमी तिकडं चावी फिरवायची आन् मी हितं नळी लावायची. समदं तुमचंच पाणी हाय. फकस्त हितं पडून हाय, त्येला कुनी घाई केली न्हाय." मग जरा थांबून म्हणाल्या, "माजी तिन्ही पोरं ह्येच पिऊन वाढली. थोरला पलटणीत हाय. येतो तवा दार वाकून घरात येतो, एवढा झालाय. पाण्यात वाईट असतं तर एवढा झाला असता व्हय?"

हे हौदात हात मनगटापर्यंत बुडवून बसून राहिले. मासे त्यांच्या बोटांमधून फिरत होते. मला एकदम भरून आलं. गेले कित्येक दिवस जे मी रडून, ओरडून, डॉक्टरचं नाव घेऊन सांगत होते, ते मीनाबाईंनी पिठाच्या हातानं सांगितलं आणि ते ह्यांच्यापर्यंत पोचलं, हे मला दिसत होतं. थोडा रागही आला, नाही असं नाही. मी बायको आहे, माझं कधी पोचतं?

थोड्या वेळानं ह्यांनी विचारलं, "एक बादली देता का ह्यातलं?"

"शिळं पाणी?" मीनाबाईंनी डोळे मोठे केले. हसू दाबता दाबेना त्यांना. "चावीवाल्यास्नी शिळं पाणी पायजे? थांबा, शेजारच्यांस्नी बोलावते."

शेजाऱ्यांना त्यांनी बोलावलं नाही, पण पुढे आठवडाभर ज्याला त्याला सांगितलं. बादली दिली, दुसरी दिली, आणि वर म्हणाल्या, "कवाबी न्या. माज्या बापाची विहीर न्हाय, तुमचीच हाय."

ते हिरवट पाणी घासलेल्या लखलखीत काचेत ओतताना मला बघवेना. मी स्वयंपाकघरात गेले. बाहेर आले तेव्हा पेटी धुरकट झाली होती. बादलीतून आलेले बारीक गप्पी किल्ल्यात शिरत होते, बाहेर येत होते, आणि काळा मासा, जो इतके दिवस तळाशी निपचित पडून होता, तो जरा वर येऊन कल्ले हलवत होता. तो जगेल की नाही, मला काही सांगता येत नव्हतं. ह्यांनाही येत नव्हतं.

"बाई," हे म्हणाले, "मग तीस वर्षं मी बरोबर होतो की मीनाबाई?"

"दोघंही."

"असं कसं असंल?"

चौथीच्या वर्गात कुणी असं विचारलं असतं तर मी त्याला खाली बसवलं असतं.

पुढचा पाण्याचा दिवस आला. ह्यांनी पिंप ओतलं, हंडे घासले, कळश्या घासल्या. मग काथ्या हातात तसाच घेऊन पेटीसमोर उभे राहिले. काचेवर एका बाजूला हिरवी साय धरली होती. ह्यांचा हात पुढे गेला आणि मागे आला. परत गेला, परत मागे आला. मी दारातून बघत होते, मला बोलायची सोय नव्हती, बोलले असते तर घासलीच असती. काळा मासा काचेशी येऊन ती हिरवी साय चाटत होता. शेवटी ह्यांनी काथ्या कोपऱ्यात टाकला आणि हात पाठीमागे बांधून अंगणात गेले.

नळ खोकला. पाणी आलं. मी हंडा लावणार इतक्यात हे पुढे आले, मला बाजूला सारलं आणि नळाखाली ओंजळ धरली. ओंजळ भरली तरी तशीच धरून उभे राहिले. पाणी बोटांतून गळत होतं. मला वाटलं, आता टाकणार. पण त्यांनी ओंजळ तोंडाला लावली आणि सगळी प्यायली.

"औषधाचा वास येतोय," मिशा पुसत म्हणाले.

"मग?"

"मग काय, येऊ दे. आपल्याला कल्ले कुटं हायत?" आणि जरा बाजूला होऊन म्हणाले, "मी प्यायलो, बाई. आता तू पी."

मी प्यायले. त्या दिवशी टेंपो आला तेव्हा हे स्वतः रिकामा जार घेऊन फाटकापर्यंत गेले आणि उद्यापासून येऊ नको म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगण धुवायला निघाले. पेटीजवळ एक बादली भरून ठेवलेली होती, वरून ताट झाकलेलं. कालचं पाणी. सवयीनं मी ती उचलली आणि दाराबाहेर ओतायला वाकले, तर आतून ह्यांची हाक आली, इतक्या जोरात की पलीकडे मीनाबाईंची भाकरी हातातून निसटली असेल.

"बाई! ओतू नको ती! माशांची हाय. औषध उडायचंय, अजून ताजी हाय ती!"